वासंतीताईंची चेष्टा

ज्या सकाळी वासंती निगुडकरांना मराठी ग्रुपमधून काढून टाकलं, त्या सकाळी त्या गडियाहाटच्या बाजारात दोडकी निवडत होत्या. पिशवीत फोन सारखा वाजत होता. इतके फोन कुणाचे, असं दोडकीवाल्याने विचारलंसुद्धा. "आमच्या देशची माणसं," त्या बंगालीत म्हणाल्या आणि ते म्हणताना त्यांना जरा बरंही वाटलं. मग फोन गप्प झाला. घरी येऊन चष्मा लावून पाहिलं, तर लिहायच्या जागी एक राखाडी ओळ आली होती. त्या आता ग्रुपच्या सदस्य नव्हत्या.

"दादा," आतल्या खोलीकडे बघत त्या म्हणाल्या, "मला काढलं."

"कुठून?"

"ग्रुपमधून."

"एवढंच ना? मला वाटलं बिल्डिंगमधून," चंद्रकांत म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

या भावंडांचे वडील साताऱ्याहून एका विमा कंपनीच्या नोकरीवर इथे आले आणि त्यांचं परत जायचं राहून गेलं. दोन्ही मुलं इथेच जन्मली. चंद्रकांत शिकायला कराडला गेले, पुढे नोकरीतही तिकडेच फिरले, आणि बायको गेल्यावर बालीगंजच्या या फ्लॅटमध्ये बहिणीपाशी येऊन राहिले. वासंतीताई मात्र हलल्याच नाहीत. बंगाली शाळेत शिकल्या, मुलींच्या बंगाली शाळेत निवृत्त होईपर्यंत भूगोल शिकवला. लग्न जमलं नाही आणि त्याबद्दल त्या कधी फारसं बोलल्याही नाहीत. मराठी त्यांना मिळाली ती आईकडून. आई गेल्यावर दादा परत येईपर्यंत घरात मराठी बोलायला कुणीच नव्हतं. शेजारून आलेली वाटी परत करायची राहते आणि काही वर्षांनी आपल्याच भांड्यांत मिसळून जाते, तसे कितीतरी बंगाली शब्द त्यांच्या मराठीत राहायला आले होते. त्या वाट्यांवर कुणाचं नाव कोरलेलं नव्हतं. कुठली आपली आणि कुठली शेजारची, हे वासंतीताईंना सांगता आलं नसतं.

'कोलकाता कट्टा' हा ग्रुप केयूर सरंजामेने सुरू केला. केयूर पुण्याचा. सेक्टर फाइव्हमधल्या कंपनीत त्याची बदली झाली, तेव्हा भाकरीचं पीठ कुठे मिळतं, इथपासून त्याची सुरुवात होती. त्याच्यासारखी आणखी कुटुंबं येत गेली. कुणी घर शोधत होतं, कुणाला गावाहून मेतकूट मागवायचं होतं. वासंतीताईंना ग्रुपमध्ये आणलं ते केयूरच्या बायकोने, रुचाने. इथली जुनी मराठी बाई सापडली म्हणून ती खूश होती. वासंतीताई तर इतक्या खूश झाल्या की त्यांनी मुलांसाठी मराठीचा वर्ग काढायचं ठरवलं आणि ग्रुपवर लिहिलं, "येत्या रविवारपासून माझ्या घरी मुलांना शिक्षा देण्यात येईल. इच्छुक पालकांनी कळवावे."

ग्रुप दिवसभर हसत होता. एका आईने लिहिलं, "ताई, आमच्या दोघांना आणते, जरा कडक द्या." रुचाने फोन करून हळूच सांगितलं, की ताई, बंगालीत शिक्षा म्हणजे शिक्षण, पण मराठीत तसं नाही. वासंतीताई स्वतःच डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्या दिवसापासून त्या ग्रुपच्या लाडक्या झाल्या. रविवारी सकाळी त्यांच्या दिवाणखान्यात मुलं सतरंजीवर बसायची, आणि स्वयंपाकघरातून पोह्यांचा वास आला की व्याकरण तिथेच संपायचं.

वाद झाला तो गणपतीतल्या नाटकावरून.

गेल्या वर्षीच्या कार्यक्रमात केयूरची मुलगी शर्वरी तहानलेला कावळा झाली होती. खडे टाकून झाले, पाणी वर आलं आणि शर्वरी आनंदाने ओरडली, "मी पोटभर पाणी खाल्लं!" बंगालीत पाणी खातातच. शाळेतल्या मैत्रिणी खातात, खालची मावशी खाते, शर्वरीनेही खाल्लं. हॉल हसला. कुणीतरी ते फोनवर टिपलं होतं. ते पुण्याला गेलं, पुण्याहून ठाण्याला, आणि मग कुठे कुठे गेलं याचा पत्ता कुणालाच राहिला नाही.

यंदा केयूरने ग्रुपवर जाहीर केलं, "मुलांच्या नाटकाचे संवाद पुण्यात स्टुडिओत रेकॉर्ड करून घेतले आहेत. मुलांनी फक्त ओठ हलवायचे आहेत. कार्यक्रम लाइव्ह जाणार आहे, त्यामुळे दर्जा राखायला हवा." खाली टाळ्यांची रांग लागली.

वासंतीताईंनी ते दोनदा वाचलं. पावसाळाभर त्यांनी मुलांकडून तेच नाटक बसवून घेतलं होतं. नदी, तिच्या काठची गावं आणि त्या गावांचं भांडण, असं ते नाटक होतं. मुलं अडखळत होती, पण बोलत होती. ज्या मुलीला 'ळ' येत नव्हता, तिला आता तो इतका आवडायला लागला होता की ती नको तिथेही लावायची. आणि आता हीच मुलं रंगमंचावर नुसती तोंडं उघडणार आणि आवाज दुसऱ्याच कुणाचा येणार. संध्याकाळी त्यांनी एका बोटाने सावकाश लिहिलं. आधी दोन शब्द चांगले बोलावेत आणि मग आपलं म्हणणं मांडावं, ही त्यांची शाळेतली शिस्त.

"समितीने या कार्यक्रमासाठी किती चेष्टा केली आहे, हे सगळ्यांना दिसतंच आहे. पण मुलांच्या तोंडची भाषा काढून घेण्याला माझी आपत्ती आहे. मुलांनी स्वतः बोलावं."

सकाळी उठून पाहिलं, तर खाली बरंच काही जमलं होतं. "ताई, काम करणाऱ्यांची चेष्टा? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." "टीका करणं सोपं असतं." "ज्येष्ठांनी तरी असं बोलू नये." वासंतीताईंना कळेना की लोकांना नेमकं काय बोचलं. पिशवी खांद्याला लावून, दारात उभ्या उभ्या त्यांनी उत्तर दिलं, "अहो, चेष्टा केलीच आहे की! मी नाही कुठे म्हणते? खूप केली आहे. पण चेष्टा वेगळी आणि निर्णय वेगळा." आणि त्या बाजारात गेल्या.

चंद्रकांतांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, बहिणीचा फोन डोळ्यांपासून लांब धरून सगळं वाचलं, आणि त्यांना हसता हसता ठसका लागला.

"हसायला काय झालं?"

"वासू, चेष्टा म्हणजे काय?"

"चेष्टा म्हणजे चेष्टा. मेहनत. खटपट."

"ती शेजारची, बंगालीतली. आपल्यात चेष्टा म्हणजे थट्टा, टिंगल." त्यांनी डोळे पुसले. "कराडला वसतिगृहात पहिल्याच दिवशी रेक्टरांनी विचारलं, काय रे, अभ्यास करशील ना? मी म्हटलं, सर, मन लावून चेष्टा करीन."

"मग?"

"मग काय, दिली शिक्षा. मराठीतली."

वासंतीताई हसल्या नाहीत. त्या खुर्चीत बसल्या. आपण काय लिहिलं, ते त्यांना आता नव्याने वाचता येत होतं, आणि दारात उभं राहून दिलेलं उत्तर आठवून कान तापले होते. मग त्या म्हणाल्या, "पण दादा, शिक्षेच्या वेळी सगळ्यांना बरोबर कळलं होतं. आता एकालाही शंका आली नाही?"

"तेव्हा तू त्यांची पोरं सांभाळणार होतीस. कौतुकाच्या वाक्यात चुकलीस तर ती चूक असते. टीकेच्या वाक्यात चुकलीस की तो हेतू होतो."

वासंतीताईंनी रुचाला फोन केला. रुचा "अय्या, ताई!" म्हणून हसत सुटली. जेवणं व्हायच्या आत त्या पुन्हा ग्रुपमध्ये होत्या. केयूरने लिहिलं, "गोड गैरसमज! ताई, घरी परत आल्याबद्दल स्वागत." लोकांनी बदाम पाठवले. बंगालीमुळे आपापल्या कशा फजित्या झाल्या, ते सगळे सांगायला लागले. सकाळी ज्यांनी ज्येष्ठांना समज दिली होती, त्यांनीच आता "ताई, तुम्ही आमच्या रत्न आहात" असं लिहिलं. वासंतीताई दुपारभर फोन घेऊन बसल्या. त्यांना फार बरं वाटत होतं.

संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना त्यांच्या लक्षात आलं, की नाटकाबद्दल कुणी एक अक्षर बोललेलं नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसं गैरसमजाबरोबर त्यांचं म्हणणंही जळून गेलं होतं.

त्यांनी पुन्हा लिहायला घेतलं. या वेळी प्रत्येक शब्द दादांना विचारून.

"आपत्ती चालेल?"

"आपत्ती म्हणजे पूर, भूकंप. हरकत लिही."

"हिंदीत हरकत म्हणजे खोडी."

"लिही गं तू."

"माझी हरकत आहे," त्यांनी लिहिलं. "नाटकात मुलांनी स्वतःच्या आवाजात बोलावं. चुकली तरी चालेल. या वेळी एकाही शब्दाबद्दल गैरसमज नसावा."

थोड्या वेळाने अनुजा बेंद्रे हिने लिहिलं, "माझीही हरकत आहे. माझी मुलगी महिनाभर पाठांतर करते आहे." अनुजा ही एका मुलीची आई. ग्रुपवर क्वचितच लिहायची. त्यानंतर आणखी कुणी काही लिहीत होतं, तेवढ्यात केयूर आला. "ताई, आपण पर्सनलवर बोलू या का?" पाठोपाठ वासंतीताईंचा मेसेज नाहीसा झाला, मग अनुजाचाही. शेवटी सूचना आली, "सणाच्या दिवसांत नकारात्मकता नको, म्हणून काही दिवस फक्त ॲडमिन लिहितील. गणपती बाप्पा मोरया!"

पहिल्यांदा वासंतीताईंना समजून न घेता काढलं होतं. आता नीट समजून गप्प केलं होतं. हे जास्त लागलं.

शनिवारी केयूर स्वतःच आला. हातात बाकरवडीचा पुडा होता. दार चंद्रकांतांनी उघडलं.

"या ॲडमिनसाहेब, आत या. इथे सगळ्यांना बोलायची मुभा आहे."

केयूर कसनुसा हसला. न्यू टाउनहून टॅक्सीने येताना तो काहीतरी पाठ करत आला असावा, कारण बसल्या बसल्या त्याने सुरुवात केली. "ताई, तुमचा मान ठेवूनच सांगतो. ग्रुप चालवणं म्हणजे काय असतं, ते तुम्हाला माहीत नाही. मागच्या वर्षी मोदक कमी पडले, त्यावर आठवडाभर चर्चा चालली होती. एकाला ऐकून घेतलं की दहा जण उठतात. आणि शिव्या मला खाव्या लागतात."

"शिव्या दिल्या मी?"

"नाही हो. पण..."

"तुला माझं म्हणणं पटलं नाही, तर तसं लिही. पुसलंस कशाला? आमच्या शाळेत फळ्यावर पोरींनी माझ्याविरुद्ध लिहिलं होतं. मी फक्त शुद्धलेखन दुरुस्त केलं."

चंद्रकांतांनी चहा आणला आणि ते तिथेच बसले. केयूरने कप हातात घेतला, पण प्यायला नाही.

"शर्वरी आता आजीशी मराठीत बोलत नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम साधा झाला होता. "फोन दिला की इंग्रजीत सुरू करते. माझी आई म्हणते, अगं, ते पाणी खाल्लं म्हण ना एकदा, शेजारच्या काकू आल्यात ऐकायला. प्रेमानेच म्हणते ती. पण पोरगी फोन ठेवून आत निघून जाते. तुमच्या वर्गालाही म्हणूनच येत नाही. आम्ही तुम्हाला सांगितलं, रविवारी पोहायला जाते. आणि त्यात तुमचा तो शब्द वाचला मी. चेष्टा. तुम्ही शर्वरीबद्दलच म्हणताय, असं वाटलं मला. विचारायला हवं होतं. काढून टाकलं."

शिक्षेवरून लोक हसले तेव्हा वासंतीताईही हसल्या होत्या, पण त्यांचं स्वतःवर हसण्याचं वय झालं होतं. शर्वरी चौथीतली.

"मग आता सगळ्याच मुलांना ओठ हलवायला लावून तू त्यांना काय सांगणार?" त्या म्हणाल्या. "तुमचा आवाज लोकांना ऐकवण्यासारखा नाही, हेच ना?"

"पण लोक हसतील, ताई."

"समोरचे हसतील. हसू देत. समोरचा माणूस हसतो, मग टाळी वाजवतो, मग घरी जाऊन विसरतो. फोन विसरत नाही. तुझं भांडण पोरांच्या मराठीशी नाहीच मुळी. ते लाइव्ह बंद कर. फोन बाहेर ठेवायला लाव."

"पुण्यात सगळ्यांना सांगून झालंय. आजी-आजोबा वाट बघतायत. लोक चिडतील."

"मग विचार ना ग्रुपवर. पण लिहायचं मोकळं करून."

"भांडणं होतील."

"अरे, मराठी माणसं जमली आणि भांडली नाहीत, तर पोलीस येतील चौकशीला," चंद्रकांत म्हणाले. "चहा घे, थंड होतोय."

केयूरने त्या दिवशी काहीच कबूल केलं नाही. पण रात्रीच्या जेवणाच्या सुमारास ग्रुप मोकळा झाला. त्याने लिहिलं, "मी काही मेसेज काढले होते. तसं करायला नको होतं. वासंतीताईंची आणि अनुजाची हरकत अशी आहे," आणि दोघींचं म्हणणं त्याने स्वतःच मांडलं. त्याखाली लाइव्ह बंद करण्याची सूचनाही टाकली.

भांडणं झाली. चांगली झाली. स्टुडिओत मेहनत घेतलेल्यांचं काय, असं कुणी विचारलं. ते रास्तच होतं. आजारी आजोबांना नातीचं नाटक बघायचं आहे, असं एकाने लिहिलं. एका गृहस्थांनी लिहिलं, "बंगाली-मराठी खिचडी पोरांना शिकवायची आणि वर तिचा अभिमान बाळगायचा!" हे वाचून वासंतीताई उठून गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. समोरच्या रस्त्यावर दुर्गापूजेच्या मांडवासाठी ट्रकमधून बांबू उतरवत होते. परत येऊन पाहतात, तर त्या गृहस्थांना तिघा-चौघांनी धारेवर धरलं होतं, आणि त्यांनी "ग्रुप सोडत आहे, धन्यवाद" असं लिहून ग्रुप सोडला होता. मूर्ती कुमारटुलीहून आणायला टेम्पो कितीला ठरला, हे विचारायला ते परत आले.

शेवटी रेकॉर्डिंग बाजूला ठेवायचं ठरलं. लाइव्ह नाही, आणि नाटकापुरते दारातच वेताच्या टोपलीत सगळ्यांचे फोन. आजारी आजोबांच्या नातीला तिच्या आईबाबांनी नाटकातून काढून नाचात घातलं, म्हणजे निदान नाच तरी टिपता येईल. तिची जागा रिकामी झाली. रुचाने शर्वरीला विचारलं. शर्वरी नको म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "फोन खरंच नसणार?"

नाटक लॅन्सडाउनजवळच्या भाड्याच्या हॉलमध्ये झालं. शर्वरी नदीची धाकटी बहीण झाली होती. मध्येच तिचं वाक्य हरवलं. तिने विंगेत उभ्या असलेल्या वासंतीताईंकडे पाहिलं. वासंतीताईंनी ओठ हलवले, पण तिला ते कळले नाहीत. मग तिला जे म्हणायचं होतं ते तिने तिच्या शब्दांत म्हटलं, अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं. लोक हसले. ती तिथेच उभी राहिली, हसणं संपू दिलं आणि पुढचं वाक्य म्हटलं. पुढचे दोन प्रसंग धड झाले नाहीत. एक गाव भांडायचं विसरलं. टाळ्या मात्र भरपूर पडल्या.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर टाकायला नाचाशिवाय कुठलेच फोटो नव्हते, त्यामुळे शब्दांनीच काम भागवावं लागलं. "सुंदर!" "मुलांनी कमाल केली!" वासंतीताई प्रत्येकाला हात जोडत होत्या. मग अनुजाचा मेसेज आला.

"नाटक आवडलं, पण स्पष्ट लिहिते. मुलांचं पाठांतर कच्चं होतं. मागच्या रांगांत काहीच ऐकू आलं नाही. माझ्या मुलीचं सगळं तयार होतं, पण बाकीच्यांमुळे तिचा प्रसंग पडला. ताईंनी मुलांना पुरेसा वेळ दिला नाही."

अनुजा! जिने सगळ्यांत आधी माझीही हरकत म्हटलं, ती. रविवार कमी पडायला लागले, तेव्हा बुधवारीही मुलांना बोलावलं होतं, ते हिला दिसलं नाही? वासंतीताईंनी भराभर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. तेवढ्यात केयूरचा फोन आला.

"ताई, वाचलंत? काढून टाकू का? अजून फार जणांनी पाहिलं नाही."

दादा समोर बसून वर्तमानपत्र वाचत होते, किंवा तसं दाखवत होते. काढ, असं म्हणायला वासंतीताईंना एक क्षणही लागला नसता. शब्द जिभेवर आला होता.

"वेळ दिला नाही, हे खोटं आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच म्हणतोय. काढतो."

"मागे मात्र ऐकू आलं नसेल. पंखे फार वाजत होते. राहू दे."

"नक्की?"

"राहू दे म्हटलं ना. पण मी उत्तर देणार आहे. चांगलं मोठं."

"द्या," केयूर म्हणाला. तो हसतोय, असं त्यांना वाटलं.

त्यांनी चष्मा पुसला आणि लिहायला बसल्या. पहिलं वाक्य जमायलाच त्यांना फार वेळ लागला, कारण अनुजाचं म्हणणं निम्मं खरं होतं.